हे कुणी बनवलं?



या व्यासपीठावरून आजवर संतसाहित्य, शेती, न्यायव्यवस्था अशा विषयांवर व्याख्यानं झाली. व्हिडिओ गेम हा विषय इथे पहिल्यांदाच येत असावा. मी विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी काळजीने विचारलं, "सरांच्या नावाच्या व्याख्यानमालेत हे शोभेल ना?" मी म्हटलं, हा विषय मला सरांनीच दिलाय. तो कसा, ते आधी सांगतो.

२००२ सालची गोष्ट. आपल्या मिरजेच्या स्टँडजवळ एका दुकानाच्या माळ्यावर सायबर कॅफे होता. सहा संगणक, एक टेबल फॅन, तासाला वीस रुपये. आम्ही अकरावीतले तिघं कॉलेजचे तास बुडवून तिथे 'एज ऑफ एम्पायर्स २' खेळायचो. एका दुपारी लाकडी जिन्यावर पावलं वाजली आणि कॉलेजातले आमचे सर वर आले. आम्हाला शोधतच आले होते. आमची पाचावर धारण बसली. सर मात्र काही बोलले नाहीत. माझ्या खुर्चीमागे उभे राहून पाच-सात मिनिटं पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावर एक बाई टोपली घेऊन झुडपावरची फळं तोडायला निघाली होती, दोन गडी लाकडं फोडत होते, बाजूला मेंढ्या चरत होत्या.

"हे कुणी बनवलं?" सरांनी विचारलं.

"मायक्रोसॉफ्टने, सर."

"ती कंपनी झाली. बनवलं कुणी?"

आम्हाला सांगता येईना. कॅफेवाल्याने ड्रॉवरमधून सीडी काढून दिली. पांढऱ्या सीडीवर मार्कर पेनने 'एओई २' लिहिलेलं, एवढंच. खोकं नाही, पुस्तिका नाही. खेळ सुरू होताना 'एन्सेम्बल स्टुडिओज' अशी अक्षरं येत, पण वेळ वाचावा म्हणून ती दिसायच्या आत आम्ही एस्केपचं बटण दाबत असू. सर म्हणाले, "इतकं जीव टाकून खेळता आणि करणाऱ्याचं नाव ठाऊक नाही?" मग आम्हाला घेऊन ते कॉलेजात परत आले. शिक्षा एकच. बनवणाऱ्यांची माहिती काढून आणायची. आणलीत तर शनिवारी दुपारी कॉलेजच्या संगणक कक्षात खेळायची परवानगी.

आम्ही ती माहिती काढली. आजचं व्याख्यान म्हणजे त्याच गृहपाठाचा पुढचा भाग आहे.

एन्सेम्बल स्टुडिओज ही अमेरिकेतल्या डॅलस शहरातली मंडळी. टोनी गुडमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर हा स्टुडिओ काढला. सिड मायर यांच्यासोबत 'सिव्हिलायझेशन'वर काम केलेले ब्रूस शेली त्यांना येऊन मिळाले. १९९७ मध्ये पहिला 'एज ऑफ एम्पायर्स' आला, १९९९ मध्ये दुसरा. माहिती शोधताना आम्हाला याच स्टुडिओतल्या पॉल बेटनर आणि मार्क टेरानो या दोघांनी लिहिलेला एक लेख सापडला. २८.८ च्या मोडेमवर पंधराशे तिरंदाज कसे चालवले, असा त्याचा विषय. सर गणिताचे. त्यांनी तो लेख छापून घेतला आणि दोन शनिवार आमच्याबरोबर बसून ओळीनओळ वाचला.

त्यातली कल्पना मला आजही थक्क करते. आठ जण आठ ठिकाणांहून टेलिफोनच्या तारेवरून एकत्र खेळणार आणि मैदानात शेकडो सैनिक असणार. प्रत्येक सैनिक कुठे उभा आहे, कुणाकडे तोंड करून आहे, त्याचा जीव किती उरलाय, हे सगळं दर क्षणी तारेवरून पाठवायचं म्हटलं तर तार पुरणारच नाही. म्हणून त्यांनी ते पाठवायचंच नाही असं ठरवलं. पाठवायचा फक्त खेळाडूचा हुकूम: हा गट तिकडे जावा, या बाईने ते झाड तोडावं. बाकीचा सगळा खेळ आठही संगणकांवर आपापला, पण तंतोतंत एकसारखा घडत राहायला हवा. आणि तंतोतंत म्हणजे अगदी तंतोतंत. नकाशा तयार होताना एका यंत्रावर एखादं हरीण किंचित वेगळ्या कोनात उभं राहिलं, तर ते चरत चरत जरा वेगळीकडे जातं. काही मिनिटांनी शिकारीला निघालेल्या गावकऱ्याची वाट थोडी बदलते, त्याचा नेम चुकतो, घरी मांस येत नाही. तिथून पुढे दोन खेळाडू एकाच खेळात बसून दोन वेगळ्या जगांत खेळत असतात. असं एक चुकार हरीण शोधायला त्या लोकांनी रात्रीच्या रात्री घालवल्या असतील.

आमच्या माळ्यावरच्या त्या धापा टाकणाऱ्या संगणकांवर आणि लोंबत्या वायरींवर तो खेळ सुरळीत चालायचा, याचं कारण हे होतं. डॅलसमधल्या कुणीतरी गरीब यंत्राचा आणि बारीक तारेचा विचार आधीच करून ठेवला होता.

हा स्टुडिओ मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये विकत घेतला. सप्टेंबर २००८ मध्ये घोषणा झाली की हाती असलेला 'हेलो वॉर्स' हा खेळ पुरा झाला की स्टुडिओ बंद होईल. आपली नोकरी जाणार हे माहीत असताना त्या मंडळींनी तो खेळ पुरा केला. जानेवारी २००९ मध्ये दाराला कुलूप लागलं, आणि खेळ बाजारात आला त्यानंतर. 'एज ऑफ एम्पायर्स' हे नाव मायक्रोसॉफ्टकडे राहिलं. माणसं पांगली. कुणी नवा स्टुडिओ काढला, कुणी मोबाइलच्या खेळांकडे वळलं.

इथून माझ्या मुद्द्याला येतो. आज अशी तक्रार ऐकू येते की खेळाडूंची निष्ठा राहिली नाही. ज्या नावावर पोरं डोळे झाकून पैसे टाकायची, त्याच नावाचा नवा खेळ आला की आता नाक मुरडतात, सवलत लागेपर्यंत थांबतात, काहीजण तर बघतही नाहीत. मला वाटतं, निष्ठा होती आणि आजही आहे. ती ज्या जागी होती ती जागाच कंपन्यांनी ओळखली नाही.

मिरजेत हे समजावून सांगणं सोपं आहे. आपल्या सतारमेकरांच्या गल्लीत बाहेरगावचा गवई तानपुरा घ्यायला येतो तेव्हा तो दुकानाची पाटी बघून निघत नाही. भोपळा कुणी निवडला, जवारी कुणी काढली, हे विचारतो. जवारी काढणारा हात बदलला तर पाटी तीच राहूनही तानपुरा तसा बोलत नाही. तीच पाटी दुसऱ्याला विकली तर गिऱ्हाईक दोन-चार वर्षं सवयीने येईल. मग येणार नाही.

व्हिडिओ गेमच्या धंद्यात पाटी आणि हात यांचं भांडण पहिल्या पिढीपासूनचं आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेतली अटारी कंपनी खेळाच्या खोक्यावर करणाऱ्याचं नाव छापत नसे. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रामरने 'अॅडव्हेंचर' या खेळात एक गुप्त खोली केली आणि तिथे आपलं नाव लपवून ठेवलं. जो खेळाडू खूप शोधेल त्यालाच ते दिसणार. मला ही गोष्ट गमतीची कधीच वाटली नाही. आपल्याच घराच्या भिंतीत आपलं नाव चोरून लिहावं लागलेल्या माणसाची ती गोष्ट आहे. १९७९ मध्ये अटारीतले डेव्हिड क्रेन, अॅलन मिलर, लॅरी कॅप्लन आणि बॉब व्हाइटहेड हे चौघं नाव आणि मोबदला मागायला वरिष्ठांकडे गेले. कार्ट्रिज जुळवणाऱ्या कामगारांपेक्षा तुमचं महत्त्व अधिक नाही, असं उत्तर मिळाल्याचं क्रेन यांनी पुढे सांगितलं. ते बाहेर पडले आणि त्यांनी अॅक्टिव्हिजन काढली. तिच्या खेळांवर करणाऱ्याचं नाव छापलेलं असे. करणारा लोकांना नावाने कळू लागला.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्सची सुरुवातही अशीच होती. १९८२ मध्ये ट्रिप हॉकिन्स यांनी ती काढली, ती प्रोग्रामरांना कलावंत मानूनच. खेळांची वेष्टनं गाण्यांच्या रेकॉर्डसारखी, आत करणाऱ्यांची माहिती. १९८३ च्या त्यांच्या जाहिरातीत एका ओळीत उभे असलेले खेळकर्ते होते आणि संगणक माणसाला रडवू शकतो का, असा प्रश्न होता. तीच कंपनी पुढे मोठी झाली आणि खेळकर्त्यांची घरं विकत घेऊ लागली. १९९२ मध्ये टेक्ससची ओरिजिन, १९९५ मध्ये इंग्लंडमधल्या गिल्डफर्डची बुलफ्रॉग, १९९८ मध्ये लास व्हेगासची वेस्टवुड. २००४ संपेपर्यंत तिन्ही दारं बंद झाली होती.

वेस्टवुडची गोष्ट पुरी सांगायला हवी. 'ड्यून २' आणि 'कमांड अँड कॉन्कर' या खेळांनी एका संपूर्ण खेळप्रकाराची घडी बसवली. 'एज ऑफ एम्पायर्स'सुद्धा त्याच वाटेवरून आला. २००३ मध्ये वेस्टवुड बंद झाली तेव्हा तिथल्या काही जणांनी लास व्हेगासमध्येच पेट्रोग्लिफ नावाचा छोटा स्टुडिओ काढला. इकडे इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने 'कमांड अँड कॉन्कर' नावाचे खेळ इतरांकडून करून घेतले. खेळाडू हळूहळू दुरावले. शेवटी जुन्या खेळांची नवी आवृत्ती काढायचं ठरलं तेव्हा कंपनीला पेट्रोग्लिफच्याच दारी यावं लागलं. २०२० मध्ये ती आवृत्ती आली. जुने संगीतकार फ्रँक क्लेपॅकी तिच्यात होते. कंपनीने मूळ प्रोग्रामचा मोठा भाग सर्वांसाठी खुलाही केला. खेळाडूंनी तिचं मनापासून स्वागत केलं. हात परत आले आणि लोकांनी ते ओळखले. मधली सतरा वर्षं मात्र वाया गेली, आणि त्या वर्षांत काय काय घडू शकलं असतं याचा विचार आला की मला अजून वाईट वाटतं.

आता आपल्या बाजूचं बोलायला हवं, कारण दोष फक्त कंपन्यांचा नाही. माझ्या वयाचे जे कुणी इथे आहेत त्यांना 'आयजीआय' आठवत असेल. टेकडीवरून दुर्बिणीने खालचा तळ न्याहाळायचा, मनोऱ्यावरचा पहारेकरी टिपायचा, धोक्याची घंटा वाजू द्यायची नाही. मोहिमेच्या मध्ये कुठे खेळ साठवायची सोयच नव्हती. शेवटच्या दारापाशी मेलं की पुन्हा पहिल्यापासून. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी त्या काळच्या कॅफेत हा खेळ असायचाच. तो नॉर्वेतल्या ऑस्लोच्या इनरलूप स्टुडिओजने २००० मध्ये केला. मूळचे ते विमानांच्या सिम्युलेटरवर काम करणारे लोक, म्हणून त्यांच्या खेळात मैलभर मोकळं मैदान आणि डोंगर दिसायचे. २००३ मध्ये दुसरा भाग आला आणि त्याच वर्षी इनरलूप बंद पडली. आम्ही त्यानंतरही किती वर्षं तो खेळत होतो! इतकं प्रेम त्या खेळाला बहुधा नॉर्वेतही मिळालं नसेल. पण कॅफेत मोजलेल्या आमच्या वीस रुपयांतला एक पैसाही ऑस्लोला गेला नाही. सीडी नकलेची होती. तेव्हा अस्सल खोकं गावात मिळतच नव्हतं आणि मिळालं असतं तरी आमच्या खिशाला परवडलं नसतं, हे खरं. तरीही ज्यांच्यावर आपण जीव लावला त्यांचं घर बंद होताना आपला त्यांना काडीचा उपयोग झाला नाही, ही बोच माझ्या मनात आहे. ती तशीच राहावी असं मला वाटतं.

पुढे मी स्वतः या धंद्यात गेलो. पुण्यातल्या एका कंपनीत परदेशी स्टुडिओंच्या खेळांसाठी वस्तू करण्याचं काम. आमच्या भाषेत असेट. दगड, झाडं, कंदील, दरवाजे. एका मोठ्या खेळासाठी मी वाड्याचा दरवाजा केला होता. खिळ्यांच्या टोप्या, कडीच्या घासण्याने लाकडावर पडलेला अर्धगोल, पावसाच्या बाजूने काळवंडलेली फळी. अडीच आठवडे लागले. त्या अर्धगोलासाठी मी इथे येऊन आमच्या जुन्या घराच्या दाराचे फोटो काढून नेले होते. मग एका सोमवारी मेल आला. समुद्रापलीकडचा तो स्टुडिओ बंद झाला, प्रकल्प थांबवा, फाइली सर्व्हरवर परत करा. करारामुळे तो दरवाजा मी आईलासुद्धा दाखवू शकलो नाही. माझ्यासारखे शेकडो तरुण आज पुण्यात, मुंबईत, बंगळुरात हे काम करतात. खेळ संपल्यावर सरकणाऱ्या श्रेयनामावलीत त्यांची नावं अनेकदा नसतातच. स्टुडिओ बंद झाल्याची बातमी जगभर छापून येते तेव्हा त्या आकड्यांतही ते नसतात.

आता अलीकडच्या काळाकडे येतो. २०२०-२१ मध्ये टाळेबंदीत सगळं जग घरात बसलं आणि खेळांचा खप वाढला. पैसा स्वस्त व्याजाने मिळत होता. मोठ्या कंपन्यांनी स्टुडिओ विकत घेण्याचा सपाटा लावला. मग लोक घराबाहेर पडले, व्याज वाढलं, आणि घेतलेली घरं जड होऊ लागली. स्वीडनच्या एम्ब्रेसर ग्रुपने शंभराहून अधिक स्टुडिओ गोळा केले होते. २०२३ च्या मे महिन्यात त्यांचा दोन अब्ज डॉलरचा एक करार ऐनवेळी फिसकटला आणि त्याची किंमत स्टुडिओंनी मोजली. त्यात इलिनॉयमधली व्होलिशन होती, 'सेंट्स रो' करणारी. तीस वर्षांचा स्टुडिओ ३१ ऑगस्ट २०२३ ला एका दिवसात बंद. ज्या करारापायी हे घर मोडलं तो त्या लोकांनी केलेलाच नव्हता.

यातली मला सर्वांत झोंबलेली गोष्ट टोकियोच्या टँगो गेमवर्क्सची. शिंजी मिकामी यांनी २०१० मध्ये काढलेला हा स्टुडिओ पुढे मायक्रोसॉफ्टकडे गेला. जानेवारी २०२३ मध्ये स्टुडिओने कसलाही गाजावाजा न करता 'हाय-फाय रश' प्रसिद्ध केला. त्या खेळात सगळं जग गाण्याच्या ठेक्यावर चालतं. नायकाची पावलं ठेक्यावर पडतात, झाडं ठेक्यावर डोलतात, तुम्ही ठेका धरून मारलंत तर वार जोरात बसतो. तालाची समज असलेल्या आपल्या भागात हा खेळ कुणी पोरांच्या हाती दिला तर ती हरखून जातील. समीक्षक खूश, खेळाडू खूश, आणि हा खेळ सगळ्या मापांवर यशस्वी ठरल्याचं मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने जाहीरपणे सांगितलेलं. एप्रिल २०२४ मध्ये त्याला अॅनिमेशनसाठी बाफ्टा पुरस्कार मिळाला. ७ मे २०२४ ला मायक्रोसॉफ्टने टँगो बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी टेक्ससची अर्केन ऑस्टिनही गेली. दुसऱ्या दिवशीच्या अंतर्गत सभेत वरिष्ठांनी आपल्याला पुरस्कार मिळवणारे छोटे खेळ हवेत असं म्हटल्याच्या बातम्या आल्या. त्या वाचताना मला आमचा संगणक कक्ष आठवला. गणित बरोबर सोडवून आणलेल्या मुलाला वर्गाबाहेर काढलं, तर बाकीच्या मुलांनी काय शिकायचं?

आणि खेळाडूंनी काय शिकायचं? पडलेला खेळ बंद झाला तर माणूस समजू शकतो. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला काढून घेतला गेला. चौदा दिवस. पैसे परत दिले, पुढे तो करणारा फायरवॉक स्टुडिओही बंद केला. दुःख त्याचंही होतं, पण त्यात निदान कारण दिसतं. टँगोच्या बाबतीत खेळाडूने आपल्याकडून जे जे करायचं ते सगळं केलं होतं. खेळला, नावाजला, चार मित्रांना सांगितलं. तरीही घर मोडलं. त्यानंतर त्याने त्या पाटीकडे पाठ फिरवली तर त्याला चंचल म्हणू नये. तो शहाणा झाला.

टँगोचं पुढे बरं झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने तो स्टुडिओ आणि 'हाय-फाय रश' आपल्याकडे घेतला. आपल्याकडची पोरं जो 'बीजीएमआय' खेळतात तो याच क्राफ्टनचा. २०२५ मध्ये तिने 'रिअल क्रिकेट' करणाऱ्या पुण्याच्या नॉटिलस मोबाइलमध्ये मोठा हिस्सा घेतला. म्हणजे टोकियोच्या त्या घराचा आणि पुण्यातल्या या घराचा मालक आज एक आहे. त्या मालकाने हात जपावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

निष्ठा कुठे जाते, याचं उत्तर २०२५ ने दिलं. फ्रान्सच्या माँपेलिए शहरातल्या सँडफॉल इंटरॅक्टिव्हचं नाव त्याआधी कुणी ऐकलेलं नव्हतं. युबिसॉफ्ट सोडून आलेल्या गियोम ब्रोश यांनी तो स्टुडिओ उभा केला. तीसेक जणांचा गाभा आणि बाहेरचे मदतनीस. त्यांचा 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३' एप्रिलमध्ये आला आणि वर्षाअखेरीस सर्वोत्कृष्ट खेळाचा मान घेऊन गेला. मागे कुठलंही जुनं नाव नव्हतं. आज खेळाडू खोकं पाहण्याआधी विचारतो की आधी कुठे होती ही माणसं, आता कोण उरलंय आतमध्ये. म्हणजे सरांचा प्रश्न आता पोरं स्वतःहून विचारू लागली आहेत.

याची एक काळी बाजू आहे, ती लपवणार नाही. निष्ठा दुखावली की काही खेळाडू खेळ करणाऱ्यांनाच शिव्या घालतात, धमक्या देतात. ज्यांच्या हाती निर्णय नव्हता अशा चित्रकाराला, चाचणी करणाऱ्या मुलीला रात्री-अपरात्री घाण संदेश येतात. मी हे सहकाऱ्यांच्या फोनवर पाहिलंय. प्रेमाच्या नावाने केलेलं हे वागणं मला कधीच पटणार नाही.

युरोपातल्या खेळाडूंनी रागाला वेगळी वाट दिली. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांचा खेळ २०१४ मध्ये आला होता. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेला खेळ लोकांच्या घरात असूनही चालेना. खेळांवर व्हिडिओ करणाऱ्या रॉस स्कॉट यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली. मागणी साधी होती. खेळ कायम चालवत ठेवा असं कुणी म्हटलं नाही. बंद करताना तो आमच्यापाशी चालेल असा करून द्या, इतकंच. युरोपीय नागरिकांच्या याचिकेवर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. हे एकाच खेळापुरतं नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिलं होतं की तिथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात रीतसर मिळतच नव्हते. आपल्याकडे अशी मोजणी करणारं कुणी माझ्या पाहण्यात नाही, पण मोजण्याजोगं काम आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' केला, आपल्या मंदिरशिल्पांत वाढलेला खेळ. पुणे आणि मुंबईच्या युबिसॉफ्टमधल्या मुलांनी 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या नव्या आवृत्तीवर काम केलं, २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला गेलं आणि पुढे कंपनीने तो खेळच रद्द केला. त्या मुलांनी घालवलेली वर्षं कुठे पाहायला मिळणार?

'एज ऑफ एम्पायर्स'चं काय झालं, ते राहिलं. स्टुडिओ गेल्यावर काही चाहत्यांनी घरी बसून त्या जुन्या खेळात नवी राज्यं घालायला सुरुवात केली. 'फरगॉटन एम्पायर्स' असं त्यांनी त्याला नाव दिलं. ते काम इतकं चोख होतं की २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला अधिकृत केलं. आज तेच लोक या खेळाच्या नव्या आवृत्तीचे कर्ते आहेत. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी त्यात हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर आणले. त्या रात्री आम्ही तिघांनी पुन्हा एकत्र खेळ मांडला. एक मिरजेत, एक नाशकात, एक डब्लिनमध्ये.

आता शेवटचं. शनिवारच्या त्या दिवसांत सरांना एका गोष्टीने पछाडलं होतं. हा खेळ झालेला डाव साठवून ठेवू शकतो. पण साठवतो काय? फक्त हुकूम. कोणत्या क्षणी कुणी काय करायला सांगितलं, एवढंच. चित्र त्यात नसतंच. पाहायचं झालं की संगणक ते सगळे हुकूम पुन्हा पाळतो आणि डाव पुन्हा घडतो. सरांना हे स्वतः करून बघायचं होतं. म्हणून एका शनिवारी ते चौथ्या संगणकावर स्वतः बसले. आम्ही त्यांना पिवळा रंग दिला. तो डाव आम्ही साठवला. फाइल फ्लॉपीत मावली.

मागच्या दिवाळीत सरांच्या मुलीचा फोन आला. माळा आवरताना बाबांचा जुना संगणक सापडलाय, सोबत एक फ्लॉपी आहे, तिच्यावर तुमच्या तिघांची नावं आहेत. मी गेलो. ती फाइल नव्या आवृत्तीत चालत नाही, कारण नियम जरासे जरी बदलले तरी हरीण वेगळीकडे वळतं आणि सगळा डाव बिघडतो. तिला १९९९ चाच खेळ लागतो. सरांच्या संगणकात तो होता. संगणक सुरू व्हायला बराच वेळ लागला. एन्सेम्बल स्टुडिओजची अक्षरं आली, ती मी पूर्ण येऊ दिली. मग डाव सुरू झाला.

आमचे तिघांचे गावकरी झपाझप कामाला लागले. पिवळे गावकरी नुसते उभे. सर बहुधा माउस शोधत असावेत. मग एक पिवळा गडी निघाला, थांबला, परत फिरला, पुन्हा निघाला. झाडीच्या कडेला हरीण चरत होतं. गड्याने नेम धरला, बाण सुटला, चुकला. त्याने पुन्हा नेम धरला. त्यांची मुलगी माझ्या खुर्चीमागे उभी राहून बघत होती.